हामामात्सुचा माग

इंदूरच्या आमच्या घराच्या अंगणात, पारिजातकाखाली, एक पांढरी मारुती ८०० अनेक वर्षे उभी होती. पावसाळ्यात तिच्या टपावर फुलांचा सडा पडे आणि हिवाळ्यात मांजरी तिच्या आडोशाला बसत. १९८९ सालची ही गाडी आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, १९९६ साली जुनी म्हणून विकत घेतलेली. २०११ साली दादा गेले आणि त्यानंतर तीही फार दिवस रस्त्यावर राहिली नाही. आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, आता ती भंगारात द्यावी. नोंदणीचे नूतनीकरण आणि दुरुस्ती ह्यांचा खर्च तिच्या किमतीहून अधिक व्हायचा. हिशेब चूक नव्हता. तरीही भंगारवाल्याला बोलावण्याचा दिवस ठरला, की आम्ही काही ना काही निमित्त काढून तो पुढे ढकलीत असू.

अशा दोलायमान मनःस्थितीत गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्हां उभयतांस जपानला जाण्याचा योग आला. आमची भाची आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त तिकडे असतात. भाचीला पहिली मुलगी झाली आणि आमच्या भगिनींची प्रकृती दूरच्या प्रवासाला साथ देईना, तेव्हा बाळंतविडा घेऊन जाण्याचे काम मामा-मामींकडे आले. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने परदेशगमनाची परवानगी मिळविणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; तो येथे नको. परवानगी मिळाली, डिंकाचे लाडू बांधले गेले आणि आम्ही निघालो. भाचीच्या गावाचे नाव हामामात्सु. आमच्या अंगणातल्या गाडीचे मूळ घराणे ह्याच गावचे, हे आम्हांस ऐकून ठाऊक होते; परंतु त्या घराण्याची कुळकथा मात्र ठाऊक नव्हती.

टोकियोहून पश्चिमेकडे निघालेली शिंकान्सेन गाडी दीड-दोन तासांत हामामात्सुला पोहोचते. वाटेत उजव्या हाताला फुजी पर्वत दिसतो, असे सांगतात. आमच्या वाट्याला ढग आले. पुढे चहाच्या मळ्यांच्या हिरव्या ओळी लागल्या, तेन्र्यू नदीचे रुंद पात्र ओलांडले आणि गाव आले. टोकियो आणि ओसाका ह्यांच्या जवळजवळ मध्यावर वसलेले हे नगर म्हणजे जुन्या तोकाइदो राजमार्गावरचा एक मुक्काम. तोकुगावा इएयासु ह्याने पुढे साऱ्या जपानवर सत्ता मिळविली. त्याआधीची सतरा वर्षे त्याने येथल्या किल्ल्यात काढली होती. गावाच्या पश्चिमेला हामाना सरोवर आहे. पूर्वी ते गोड्या पाण्याचे होते. १४९८ सालच्या भूकंपाने मधली भूमी फोडली आणि समुद्र आत आला. ह्या सरोवराकाठची वाम मासळी प्रसिद्ध आहे. आम्ही शाकाहारी असल्याने तिची कीर्ती श्रवणभक्तीनेच स्वीकारली.

मे महिन्याच्या आरंभी, ३ ते ५ तारखांस, येथे पतंगांचा मोठा उत्सव होतो. ज्या घरी पहिले अपत्य जन्माला येते, त्या घरासाठी समुद्रकाठच्या वाळूवर प्रचंड पतंग उडवितात. संक्रांतीचे पतंग आपल्यालाही नवे नाहीत. परंतु तान्ह्या बाळाच्या कौतुकासाठी सारी आळी दोर ओढते, ही रीत आम्हांस फार आवडली. आम्ही पोहोचलो तेव्हा उत्सव सरला होता. भाचीने छायाचित्रे दाखविली आणि म्हणाली, “मामा, ह्या गावात वाऱ्याला काही तोटा नाही.” हिवाळ्यात तर असा कोरडा वारा सुटतो, की सायकलवाल्याला उतरून चालावे लागते. वाचकांनी हा वारा ध्यानात ठेवावा; तो पुढे आपल्या कथेत येणार आहे.

ह्या एका गावाने आणि त्याच्या परिसराने जगाला काय काय दिले, ते पाहून मन थक्क होते. १८८७ साली येथल्या प्राथमिक शाळेतला परदेशी बाजा नादुरुस्त झाला. तो दुरुस्त करण्यास तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिरास पाचारण झाले. त्याने बाजा तर दुरुस्त केलाच, परंतु तो पाहून स्वतःही एक बाजा तयार केला आणि सोबत्यासह तो काठीला अडकवून, खांद्यावरून हाकोनेचा घाट ओलांडून टोकियोच्या संगीतशाळेत तपासणीसाठी नेला. तेथे स्वर चुकलेले निघाले. तो तेथेच राहून स्वरशास्त्र शिकला आणि परत येऊन त्याने दुसरा बाजा केला. आज जगभर वाजणारे यामाहाचे पियानो हे त्या नादुरुस्त बाजाचे वंशज होत. आमच्या शाळेतही एक बिघडलेली पेटी कपाटावर पडून आहे. तिची आठवण होऊन आम्ही काहीसे ओशाळलो. सोइचिरो होंडा हाही ह्याच भागातला, १९०६ सालचा. सरोवरापलीकडे आजच्या कोसाई गावच्या हद्दीत १८६७ साली साकिची तोयोदा जन्मला. त्याने माग सुधारले आणि त्याच्या मुलाने टोयोटा मोटारींचा कारखाना काढला. येथल्या बोलीत एक शब्द आहे, ‘यारामाइका’. ‘चला, करून तर पाहू’ असा त्याचा भाव.

सुझुकी कंपनीचे मुख्य कार्यालय हामामात्सुच्या पुढच्याच ताकात्सुका स्थानकाजवळ आहे. त्यासमोर कंपनीने २००९ साली आपल्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. प्रवेशमूल्य नाही, परंतु आधी नाव नोंदवावे लागते. जावईबापूंनी एक दिवस रजा काढली आणि आम्हांस तेथे नेले.

तिसऱ्या मजल्यावर इतिहासाचे दालन आहे. मोटारी पाहावयास म्हणून आम्ही गेलो आणि समोर उभा राहिला एक जुना लाकडी माग! नोकरीची सहा वर्षे आम्ही महेश्वरास काढली आहेत. अहिल्याबाईंच्या आश्रयाने तेथे रुजलेले विणकरांचे माग नर्मदेच्या घाटापर्यंत ऐकू येत. धोटा, फणी, उभे-आडवे धागे हे सारे आमच्या ओळखीचे. ते ओळखीचे माणूस परक्या मुलखात अवचित भेटावे, तसे झाले. जावईबापू पाटीवरचा जपानी मजकूर वाचून सांगू लागले.

मिचिओ सुझुकी ह्यांचा जन्म १८८७ सालचा, म्हणजे शाळेतला तो बाजा नादुरुस्त झाला त्याच वर्षीचा. वडील कापूस पिकविणारे शेतकरी. चौदाव्या वर्षी मुलाला एका सुताराकडे शिकाऊ म्हणून ठेवले. १९०४ साली रशियाशी युद्ध पेटले, घरबांधणीची कामे थांबली आणि सुतार पोटासाठी माग करू लागला. त्याच्याबरोबर शिष्यही माग करू लागला. १९०८ साली मिचिओने स्वतःच्या बुद्धीने पायाने चालणारा एक माग तयार केला. तो विकण्यासाठी नव्हता. त्याच्या आईसाठी होता. आई घरी कापड विणीत असे आणि जुन्या मागावर तिचे फार कष्ट होत. नव्या मागावर तिचे काम कितीतरी पटींनी झपाट्याने होऊ लागले. शेजारणींनी ते पाहिले आणि आपल्यालाही तसाच माग हवा म्हणून त्या मागे लागल्या. १९०९ साली त्याने कारखाना काढला. पुढे दोन रंगांचे आडवे धागे आलटून पालटून घालता येतील अशी धोट्यांची युक्ती त्याने शोधली. पट्ट्यापट्ट्यांचे कापड सोपे झाले आणि धंदा वाढला. १९२० साली त्याची रीतसर कंपनी झाली. आज दारोदारी उभ्या असलेल्या मोटारींचे मूळ हे असे आहे.

“आईसाठी केला होता,” असे जावईबापू दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा आम्हांस पुढची पाटी दिसेना. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कारण ठाऊक होते. वाचकांसही ते सांगितले पाहिजे.

आमचे दादा इंदूरच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात जॉबर होते. तीस वर्षे त्यांनी मागांचा आवाज ऐकला. घरी आले तरी ते काहीसे मोठ्यानेच बोलत. पुढे गिरणी बंद पडली. हक्काचे पैसे मिळण्यास काही वर्षे गेली आणि ते आले तेव्हा आईचे सांधे आमवाताने आखडले होते. रिक्षात चढताना ती ओठ दाबून धरी. तिला कुलदैवताला, जेजुरीस, जाऊन वीस वर्षे झाली होती. बसची पायरी तिला चढवेना आणि आगगाडीचा जिना तर दूरच. एके दिवशी दादा बाहेर गेले आणि ही पांढरी मारुती घेऊन आले. म्हणजे शेजाऱ्यांनी ती चालवीत आणली, कारण दादांस चालविता येत नव्हती! वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी दसरा मैदानावर ते गाडी शिकले. घरात कोणालाच हा खर्च मान्य नव्हता, आम्हांस तर मुळीच नाही. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो आणि काटकसरीवर वडिलांना चार शब्द ऐकविण्याइतके अविचारीही होतो. दादा एवढेच म्हणाले, “हिचं दार उघडलं की आसन गुडघ्याच्या बरोबर येतं. मी चार गाड्यांत बसून पाहिलं.”

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली, झाकण उघडले आणि कान देऊन उभे राहिले. तीन नळकांड्यांचे ते लहानसे यंत्र. त्याच्या संथ चालीत एक थरथरता ठेका असतो. दादा म्हणाले, “ह्याला साच्याचा ताल आहे.” आम्ही हसलो होतो.

१९९७ साली त्या गाडीने आम्ही सहाजण जेजुरीस गेलो. पुढच्या आसनावर आई, तिच्या पायांखाली गोधडीची घडी; मागे आम्ही चौघे, मांडीवर डब्यांच्या पिशव्या. पहाटे थंडीत चोकची दांडी ओढायची, यंत्र तापले की हळूच आत सारायची. तो मान दादांचा, इतरांनी हात लावायचा नाही. बिजासनचा घाट गाडीने दुसऱ्या गियरमध्ये, दम न सोडता चढला. गडाखालून आईने हात जोडले, मग भंडारा कपाळी लावून ती गाडीपाशी आली आणि थोडा भंडारा तिने गाडीच्या काचेसही लावला. दादांनी एक वही ठेवली होती. तीत पेट्रोल किती, अंतर किती, कोठे गेलो, हे सारे तारीखवार. ती वही आमच्यापाशी आहे. आई २००४ साली गेली. त्या आठवड्यातली नोंद अशी आहे: ‘सौ.स दवाखाना, १४ कि.मी.’ त्यानंतरची पाने कोरी आहेत. गाडी पुढे चालली, परंतु दादांनी वही लिहिली नाही.

हे सारे त्या मागापाशी उभे असताना आठवले. दादांना ठाऊक नव्हते, की ती गाडी करणाऱ्यांचा पहिला धंदा मागांचा होता. त्यांच्या कानाने मात्र आपली ओळख पटविली होती. तो निव्वळ योगायोग असेल. तरी ‘हे ऐकायला दादा हवे होते’, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

दालनात पुढे गेलो. माग टिकाऊ असतो. एकदा घेतला की गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. म्हणून मिचिओंनी १९३७च्या सुमारास मोटारीकडे लक्ष वळविले. इंग्लंडची एक ‘ऑस्टिन सेव्हन’ गाडी विकत घेतली, तिचा अभ्यास केला आणि दोन वर्षांत नमुने तयार झाले. त्यांचे यंत्र ८०० घनसेंटिमीटरपेक्षा लहानच होते. तेवढ्यात युद्धाने सारे थांबविले. जुलै १९४५ मध्ये समुद्रातल्या युद्धनौकांनीही ह्या गावावर तोफा डागल्या. युद्धानंतर कारखाना पुन्हा मागांकडे वळला आणि १९५१ साली कापडाचा बाजार कोसळताच पुन्हा संकटात सापडला.

येथे तो वारा येतो. मिचिओंचे जावई शुन्झो ह्यांस मासेमारीचा नाद. सायकलीवरून परतताना समोरून वारा. पाय थकले आणि मनात आले, सायकलीलाच यंत्र बसविले तर? १९५२ साली ‘पॉवर फ्री’ नावाची ३६ घनसेंटिमीटरची यंत्रसायकल बाजारात आली. १९५४ साली कंपनीच्या नावातून माग गेला आणि मोटार आली. १९५५ साली ३६० घनसेंटिमीटरची ‘सुझुलाइट’ ही चिमुकली मोटार विक्रीस निघाली. तत्पूर्वी तिचे नमुने, यामाहाच्या बाजाप्रमाणेच, हाकोनेचा खडतर घाट चढवून टोकियोस दाखविण्यास नेले होते. ह्या गावाला आपली परीक्षा त्या घाटावरच द्यावी लागत असावी!

ह्या घराण्यात जावयांचे भाग्य थोर. शुन्झोंना मिचिओंनी दत्तक घेतले. पुढे शुन्झोंनीही आपल्या मुलीच्या पतीस, ओसामु ह्यांस, सुझुकी कुळात घेतले. हे ऐकताना आमच्या जावईबापूंची मान ताठ झाली. १९७८ साली ओसामु अध्यक्ष झाले आणि १९७९च्या मे महिन्यात त्यांनी ‘आल्टो’ ही गाडी ४ लाख ७० हजार येनांत आणली. त्या वेळी मालवाहू गाडीवर जपानात वस्तुकर नव्हता. म्हणून मागे आसन असूनही तिची नोंद मालगाडी म्हणूनच केली. शेजारच्या दारास कुलपाचे छिद्रसुद्धा ठेवले नाही. गरज नाही ते नको आणि गरज आहे ते सोडायचे नाही, हा संसारी गृहिणीचा हिशेब त्यांनी कारखान्यात आणला. पुढे त्यांनी सूत्रच केले: लहान, थोडे, हलके, आखूड आणि सुंदर. संग्रहालयातली ती आल्टो पाहताच आम्ही हात लावावयास पुढे झालो आणि मग सावरलो. आपल्या मारुतीची ती सख्खी थोरली बहीण. तोच ठेंगणा बांधा आणि तीच चौकोनी चेहरेपट्टी.

मारुती उद्योग आणि सुझुकी ह्यांचा करार २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीस झाला. आईसाठी माग करणारे मिचिओ तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेस त्यांचे देहावसान झाले. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग ह्यांच्या हाती इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. त्यांनी ती २०१०पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत जपली. आता ती डागडुजी करून कंपनीच्या कार्यालयात ठेवली आहे. गाडी न विकण्याचा वेडेपणा आम्हांपुरता नाही, हे त्यावरून सिद्ध होते! गुडगावच्या कारखान्यात ओसामुंनी आणखी एक गोष्ट आणली. अधिकारी आणि कामगार ह्यांचा पोशाख एक, भोजनगृहही एक. गिरणीत साहेबांचा आणि कामगारांचा चहासुद्धा वेगळा पाहिलेल्या दादांनी ही बातमी वर्तमानपत्रात वाचून कात्रण ठेवले होते. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले; तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. ओसामु २५ डिसेंबर २०२४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले.

संग्रहालयातून बाहेर पडलो, तो रस्त्यावरून एक नवी ‘फ्रॉन्क्स’ गाडी गेली. जावईबापू म्हणाले, “मामा, ही येथली नाही, आपल्या गुजरातेतून आली आहे.” २०२४ सालापासून ह्या गाड्या पिपावाव बंदरातून जहाजाने जपानला येतात आणि येथले लोक त्या विकत घेतात. शिष्याच्या हातचे अन्न गुरूने आवडीने खावे, तसे ते दृश्य होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बाळाला महेश्वरी कापडाचे अंगडे घातले. सौभाग्यवतींनी तिची दृष्ट काढली आणि बाहेर वारा सुटला होता.

घरी परतल्यावर पहिले काम आम्ही बंधूंना दूरध्वनी करण्याचे केले. गाडी भंगारात द्यावयाची नाही आणि अंगणातही ठेवावयाची नाही, असे सांगितले. आमच्या शाळेत व्यवसाय-शिक्षणाचा मोटारदुरुस्तीचा वर्ग आहे. मुले आजवर तक्त्यावरची चित्रे पाहून यंत्र शिकत. हामामात्सुच्या सुताराने मोटार कशी असते हे परक्याची गाडी समोर ठेवूनच जाणून घेतले ना? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला, परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द झाली आणि चार मुलांनी ढकलीत ढकलीत गाडी शाळेच्या आवारात आणली. तिच्याखालची पारिजातकाची वाळलेली फुले अंगणात तशीच एका चौकोनात राहिली होती.

दीड महिना मुलांनी ती उघडली, पुसली, जोडली. “सर, चालू हो जाएगी?” असे एक मुलगा रोज विचारी. एका शनिवारी दुपारी आम्ही कार्यालयात हजेरीपट पाहत होतो आणि आवारातून आवाज आला: आधी खोकल्यासारखा, मग संथ, थरथरता, ठेक्यात. आम्ही उठून खिडकीपाशी गेलो. बंधूंना दूरध्वनी लावला आणि काही न बोलता यंत्र खिडकीबाहेर धरले. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग ते म्हणाले, “दादा, साच्याचा ताल आहे.” वडिलांच्या मागे घरात ‘दादा’ म्हणून आता ते आम्हांसच हाक मारतात.